विंडोजच्या शेजारी लिनक्स: चारही पार्टिशन भरलेल्या डिस्कवर जागा कशी काढावी?

वाईकर_मास्तर

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे २०१७ साली घेतलेला लॅपटॉप आहे: सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची फिरणारी हार्ड डिस्क. थोडे पैसे वाचतात म्हणून तेव्हा 'डॉस'वाले (विंडोज नसलेले) मॉडेल घेतले होते आणि विंडोज १० दुकानदाराने टाकून दिले होते. आता विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ माझ्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही. यंत्र मात्र ठणठणीत आहे, त्यामुळे ते भंगारात काढणे मनाला पटत नाही. रोजचे वाचन, लेखन, बँकेचे व्यवहार आणि पत्रव्यवहार लिनक्स मिंट या मोफत कार्यप्रणालीवर करावा आणि सौभाग्यवतींच्या गृहउद्योगाचे हिशेब टॅलीवर असल्यामुळे तेवढ्यापुरते विंडोज ठेवावे, असा विचार आहे.

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, डावीकडून उजवीकडे असे दिसतात: 'सिस्टीम रिझर्व्ह्ड' ५०० एमबी, सी २०० जीबी, डी ३६५ जीबी आणि ई ३६५ जीबी. सीमध्ये साधारण ७० जीबी मोकळे आहे. डी फोटो आणि चित्रफितींनी भरत आली आहे, तर ईमध्ये जेमतेम ९० जीबीचा ऐवज आहे. ई आक्रसून तेथे लिनक्ससाठी १०० जीबीचे नवे पार्टिशन करावे, असे माझे मत आहे. हे योग्य आहे का, आणि रूट (कार्यप्रणालीची जागा), होम (आपल्या फाइलींची जागा) व स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची जागा) वेगवेगळे करण्याची खरोखर गरज असते का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खटपट्या

मास्तर, ई आक्रसणे योग्यच आहे, परंतु मोकळ्या झालेल्या जागेवर विंडोजमधून 'न्यू सिम्पल व्हॉल्यूम' करायला जाऊ नका. तुमच्या वर्णनावरून डिस्क जुन्या एमबीआर (मास्टर बूट रेकॉर्ड) पद्धतीची दिसते. या पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये पार्टिशनांच्या नोंदींसाठी फक्त ६४ बाइट राखलेले असतात आणि प्रत्येक नोंद १६ बाइटांची असते. म्हणजे चार नोंदी झाल्या की तक्ता भरला. तुमच्या चारही नोंदी वापरात आहेत.

अशा वेळी पाचवे पार्टिशन करायला गेलात तर विंडोज नकार देत नाही; डिस्क 'डायनॅमिक' करायची आहे का, असे नम्रपणे विचारते. बहुतेक लोक तो इशारा न वाचता 'येस' दाबतात. डायनॅमिक झालेल्या डिस्कवर लिनक्सच्या इन्स्टॉलरला नीट काम करता येत नाही, आणि माहिती न गमावता पुन्हा 'बेसिक'वर येण्याची सोय विंडोज देत नाही.

आधी एक खात्री करून घ्या. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जेथे 'डिस्क ०' लिहिलेले असते तेथे उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स. 'पार्टिशन स्टाइल'पुढे काय लिहिले आहे ते येथे कळवा.

वाईकर_मास्तर

'मास्टर बूट रेकॉर्ड' असेच लिहिले आहे. 'येस' दाबण्यापूर्वी विचारले हे बरे झाले.

मुठाकाठ

एमबीआर असेल तर मी त्यातून बाहेर पडण्याचाच सल्ला देईन. २०१७ चे यंत्र यूईएफआय (यंत्र सुरू करण्याची नवी पद्धत) जाणणारे असणारच. दुकानदाराने सवयीने जुन्या 'लेगसी' पद्धतीने विंडोज टाकले असावे. विंडोज १० मध्ये २०१७ च्या १७०३ या आवृत्तीपासून एमबीआरची डिस्क माहितीसकट जीपीटी या नव्या तक्त्याच्या पद्धतीत बदलणारे साधन आलेले आहे. त्याचे नावच 'एमबीआर-टू-जीपीटी' आहे. जीपीटीमध्ये १२८ पार्टिशनांची सोय असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते, त्यामुळे प्रायमरी (तक्त्यात थेट नोंदलेली) आणि लॉजिकल (एक्स्टेंडेड नावाच्या मोठ्या पार्टिशनच्या पोटातली) हा सगळा जाच संपतो.

यात एक अट आहे. या साधनाला डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन चालतात, एक्स्टेंडेड अजिबात चालत नाही. म्हणून ईमधील ९० जीबी बाहेर काढून ई पुसावी लागेल, मग रूपांतर, मग बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन लेगसीऐवजी यूईएफआय निवडणे, आणि विंडोज सुरळीत उघडते आहे हे पाहिल्यावरच लिनक्स. क्रम उलटा करू नका, कारण विंडोजच्या ओळखीबाहेरचे पार्टिशन डिस्कवर दिसले की हे साधन काम करत नाही. त्यात नुसती तपासणी करून पाहण्याची सोय आहे. आधी ती चालवा, तिने होकार दिला तरच पुढे जा.

परभणीचा_नाना

मुठाकाठ यांच्याशी मी सहमत नाही. आठ वर्षे बिनतक्रार चाललेल्या यंत्राचा बूट होण्याचा मार्गच बदलायचा आणि तोही केवळ शंभर जीबी जागेसाठी, हा उपाय दुखण्यापेक्षा मोठा आहे. ई रिकामी करून पुसा. त्या जागेवर एक एक्स्टेंडेड पार्टिशन करा. त्याच्या पोटात लिनक्ससाठी एक लॉजिकल आणि उरलेल्या जागेत पुन्हा ई म्हणून दुसरे लॉजिकल. लिनक्सला लॉजिकल पार्टिशनवरून चालायला काहीही अडचण येत नाही. २ टीबीच्या पुढच्या डिस्कला एमबीआर अपुरे पडते हे मान्य, पण येथे डिस्क १ टीबीचीच आहे.

काहीही केले तरी पार्टिशनची डावी कड सरकवण्याच्या फंदात पडू नका. उजवी कड आत घेतली तर शेवटच्या भागातला थोडा मजकूर हलवावा लागतो. डावी कड हलवली की अख्खे पार्टिशन उचलून नव्या जागी मांडावे लागते आणि फिरणाऱ्या डिस्कवर त्याला तासन्‌तास लागतात. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही आणि आठ वर्षांच्या लॅपटॉपची बॅटरी किती तग धरते हे सर्वांना ठाऊक आहे. ते काम अर्ध्यावर थांबले तर धड जुने नाही, धड नवे नाही, अशी अवस्था होते.

सीमापार

दोन्ही मार्गांना लागू होणारी एक गोष्ट कोणी लिहिलेली नाही. लिनक्सचा पेनड्राइव्ह लावल्यावर बूट मेनूत तो बहुधा दोनदा दिसतो: एकदा नुसता आणि एकदा 'यूईएफआय' हा शब्द पुढे लावून. विंडोज ज्या पद्धतीने बसवले आहे त्याच पद्धतीची नोंद निवडायची. विंडोज लेगसी आणि लिनक्स यूईएफआय अशी जोडी जमवली, तर ग्रबच्या (सुरुवातीला कार्यप्रणाली निवडू देणाऱ्या लिनक्सच्या भागाच्या) मेनूतून त्या विंडोजमध्ये जाता येत नाही. दर वेळी बायोसच्या मेनूत शिरून बदल करावा लागतो. विंडोजच्या 'सिस्टीम इन्फर्मेशन'मध्ये 'बायोस मोड' ही ओळ पाहिली की आपली पद्धत कोणती ते कळते.

निशाचर_ठाणे

चर्चा एक्स्टेंडेड आणि जीपीटीवर रंगली आहे, पण मास्तरांचे फोटो केवळ डीवर आहेत की त्यांची दुसरी प्रत कोठे आहे, हे कोणीच विचारले नाही. 'डीला ठेवले आहे, म्हणजे सुरक्षित आहे' ही आपल्याकडची जुनी समजूत. सीवरचे विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली तर डी वाचते, एवढ्यापुरतीच ती खरी आहे. डी आणि ई त्याच तबकडीवर असतात. तबकडी गेली की तिन्ही जातात.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांचा लॅपटॉप एका दुरुस्तीवाल्याने 'लिनक्स टाकून देतो' म्हणून नेला. इन्स्टॉलरमध्ये 'इरेज डिस्क अँड इन्स्टॉल' हा पर्याय असतो. तो फक्त सी पुसत नाही, पूर्ण डिस्क पुसतो. त्या गृहस्थाला ते ठाऊक नसावे. लॅपटॉप परत आला तेव्हा सी, डी, ई काहीच नव्हते आणि एक सुंदर हिरवट वॉलपेपर होता. नंतर फोटोरेक या मोफत साधनाने बरेच फोटो परत मिळाले, परंतु फाइलींची नावे आणि फोल्डर गेले ते गेलेच. काकांनी हजारो निनावी फोटोंतून मुंजीचे आणि लग्नाचे वेगळे काढायला घेतले, ते काम अजून चालू आहे.

आधी बाहेरच्या डिस्कवर प्रत, ती प्रत उघडून पाहणे, आणि मगच पार्टिशनला हात.

टर्मिनलेश्वर

मुंजीचे आणि लग्नाचे फोटो वेगळे काढायला केसांकडे पाहावे, असे त्यांना सुचवा.

अर्धवट_अभियंता

निशाचर यांच्या म्हणण्याला पूर्ण अनुमोदन, आणि त्याही आधीची एक पायरी सांगतो. आठ वर्षे फिरलेल्या डिस्कवर पार्टिशन आक्रसण्यापूर्वी तिची प्रकृती पाहावी. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात. विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन ती वाचून दाखवते. दोन ओळी महत्त्वाच्या आहेत: ०५ क्रमांकाची 'रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स' आणि सी-५ क्रमांकाची 'करंट पेंडिंग सेक्टर'. पहिली ओळ सांगते की किती सेक्टर खराब होऊन त्यांच्या जागी राखीव सेक्टर घेतले गेले. दुसरी सांगते की किती सेक्टर नीट वाचता येत नसल्यामुळे टांगणीला लागलेले आहेत. सी-५ समोर शून्य नसेल, तर ती डिस्क आक्रसणे, हलवणे, रूपांतर करणे, काहीही करू नये. आक्रसताना जो मजकूर उचलून दुसरीकडे ठेवला जातो, तो नेमका न वाचता येणाऱ्या सेक्टरवर असला तर काम तेथेच अडकते.

मास्तर, तेवढे पाहून कळवाल का?

ओवी_बंगळुरू

धागाकर्त्यांची क्षमा मागून माझीही अडचण येथेच मांडते. माझा लॅपटॉप नवा आहे, विंडोज ११ कंपनीकडूनच आलेले आहे आणि ५१२ जीबीची एसएसडी आहे. त्यात आधीच पाच-सहा पार्टिशन दिसतात, त्यांपैकी काहींना अक्षरच नाही. सीमध्ये ३०० जीबी मोकळे असूनही 'श्रिंक' केल्यावर विंडोज फक्त काही जीबीच देऊ करते. शिवाय सीच्या चित्रावर कुलूप दिसते. हे कुलूप मी लावलेले नाही.

खटपट्या

ओवी, तुमच्याकडे जीपीटी आहे, त्यामुळे चारची मर्यादा विसरा. अक्षर नसलेल्यांपैकी पहिले, साधारण १०० ते २६० एमबीचे, ईएफआय सिस्टीम पार्टिशन. ते फॅट-३२ असते, विंडोजचा बूटलोडर (कार्यप्रणाली सुरू करणारा छोटा प्रोग्राम) त्यात राहतो आणि लिनक्सचाही तेथेच शेजारच्या फोल्डरात बसतो. ते पुसू नका, फॉरमॅट करू नका. इन्स्टॉलरमध्ये ते केवळ 'वापरायचे' असे सांगा. त्यानंतरचे १६ एमबीचे मायक्रोसॉफ्टसाठी राखीव आणि शेवटचे रिकव्हरीचे. सी आक्रसल्यावर मोकळी जागा सी आणि रिकव्हरी यांच्या मध्ये येते. ती तेथेच राहू द्या.

कुलूप म्हणजे बिटलॉकरचे एन्क्रिप्शन. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केले की बऱ्याच नव्या यंत्रांवर ते आपोआप चालू होते. तुम्ही लावलेले नसले तरी किल्ली तुमच्या खात्यावर जमा झालेली असते. ४८ अंकांची ती रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या, त्याच लॅपटॉपवरच्या फाइलीत ठेवण्यात अर्थ नाही. बायोसमध्ये सिक्युअर बूटला (अनोळखी बूटलोडर रोखणाऱ्या सोयीला) हात लावला किंवा बूटचा क्रम बदलला की विंडोज ती मागू शकते. काम होईपर्यंत कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकर 'सस्पेंड' करावे. आक्रसण्याचे काम विंडोजमधूनच करायचे. जीपार्टेड या लिनक्समधल्या पार्टिशनच्या साधनाला हे कुलूपबंद पार्टिशन लहान करता येत नाही, आणि काही इन्स्टॉलर ते दिसताच पुढे सरकत नाहीत.

जागा कमी मिळते, कारण न हलवता येणाऱ्या फाइली मध्येच ठाण मांडून बसलेल्या असतात: पेजफाइल, हायबरनेशनची फाइल आणि रिस्टोअर पॉइंट. तिन्ही तात्पुरते बंद करा, यंत्र रीस्टार्ट करा आणि पुन्हा 'श्रिंक' उघडा. आकडा बहुधा बराच वाढलेला दिसतो. जागा काढून झाली की पेजफाइल आणि रिस्टोअर पॉइंट पुन्हा चालू करा. हायबरनेशन मात्र बंदच राहू द्या, त्याचे कारण पुढे कोणीतरी लिहीलच.

सीमापार

मीच लिहितो. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आले. ते चालू असताना 'शट डाउन' केले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते आणि एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीच्या पार्टिशनांचा ताबा सोडत नाही. मग लिनक्समधून ती पार्टिशन फक्त वाचता येतात, त्यांवर लिहिता येत नाही, आणि बळजबरीने लिहिले तर फाइली बिघडण्याचा धोका असतो. हायबरनेशन बंद केले की फास्ट स्टार्टअपही जाते. यंत्र उघडायला काही सेकंद जास्त लागतात, तेवढे सोसावे.

ओवी_बंगळुरू

धन्यवाद, रिस्टोअर पॉइंट बंद केल्यावर आकडा खरोखर वाढला. मी 'श्रिंक'च्या चौकटीत १०२४०० लिहिले, कारण १०० जीबी हवे होते. लिनक्सचा इन्स्टॉलर मात्र ती जागा १०७ जीबी दाखवतो. वरचे सात कोठून आले? चुकीच्या जागेवर तर बोट ठेवत नाही ना, अशी भीती वाटते.

अर्धवट_अभियंता

जागा तीच आहे, मापे दोन आहेत. विंडोज १०२४ च्या पटीत मोजते आणि तरीही त्याला जीबीच म्हणते. तो इन्स्टॉलर १००० च्या पटीत मोजतो. म्हणूनच तुमची ५१२ ची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ दिसते. यात तुमचा फायदाच आहे: मुद्दाम एखादा विचित्र आकडा आक्रसायला दिला, तर इन्स्टॉलरमध्ये ती मोकळी जागा चटकन ओळखता येते. दोन डिस्क असलेल्या यंत्रात तर हे फार उपयोगी पडते, कारण तेथे एसडीए आणि एसडीबी या लिनक्सने डिस्कांना दिलेल्या नावांची अदलाबदल झालेली असू शकते.

मध्यममार्गी

मास्तरांचा दुसरा प्रश्न तसाच राहिला आहे: रूट, होम आणि स्वॅप. मिंटच्या अधिकृत माहितीनुसार किमान २० जीबी लागतात आणि १०० जीबी असावेत असा सल्ला आहे. माझ्या मते १०० जीबीत होम वेगळे करू नये. रूटला ३० देऊन होमला ७० ठेवले की टाइमशिफ्टने घेतलेल्या कार्यप्रणालीच्या प्रती आणि फ्लॅटपॅकची अ‍ॅप्स मिळून रूट भरते, होममध्ये चाळीस जीबी मोकळे पडलेले असतात आणि यंत्र 'जागा नाही' म्हणत बसते. एक्स्ट-४ या लिनक्सच्या नेहमीच्या पद्धतीचे एकच पार्टिशन करावे.

स्वॅपसाठीही वेगळे पार्टिशन आता लागत नाही. मिंट ज्यावर आधारलेले आहे त्या उबुंटूने २०१७ च्या १७.०४ पासून स्वॅप फाइलीत नेले आणि मिंटही तेच करते.

मुठाकाठ

होमच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे. पुढे मिंटऐवजी दुसरे काही टाकावेसे वाटले, किंवा तेच नव्याने टाकायची वेळ आली, तर वेगळे होम असल्यास फक्त रूट फॉरमॅट करायचे आणि सर्व फाइली जागच्या जागी राहतात. ज्यांना लिनक्सचे सतत नवे वितरण (मिंटसारखा वेगळा प्रकार) टाकून पाहण्याची खाज असते त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. रूटला ३० जीबी अपुरे पडतात, हे मध्यममार्गी यांचे म्हणणे मात्र खरे आहे; माझ्या मते ५० पेक्षा कमी देऊ नये.

मास्तर जर कागदपत्रे आणि फोटो एनटीएफएसच्या डीवरच ठेवणार असतील, तर होममध्ये केवळ सेटिंग्जच उरतात आणि हा वाद निरर्थक ठरतो. एवढेच पाहावे की होमच एनटीएफएसवर नेण्याचा मोह होऊ नये. लिनक्सच्या फाइलींच्या परवानग्या तेथे जशाच्या तशा टिकत नाहीत.

कोपऱ्यातली_खुर्ची

एवढा सगळा खटाटोप वाचून एक साधी शंका येते. पाठिंबा संपलेले विंडोज १० शेजारी ठेवण्यापेक्षा पूर्ण लॅपटॉपवर लिनक्स घालून, टॅलीपुरते विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये (लिनक्सच्या आत चालणाऱ्या आभासी यंत्रात) का चालवू नये? त्याचे इंटरनेट तोडून ठेवले की सुरक्षेची काळजीही कमी होते, आणि पार्टिशनचा प्रश्नच मिटतो.

परभणीचा_नाना

८ जीबी रॅम आणि फिरणारी डिस्क यांवर दोन कार्यप्रणाली एकाच वेळी चालवून पाहिल्यात तर वहिनी पुन्हा चोपडीवर हिशेब लिहायला लागतील. डिस्क एसएसडी असती तर मीही हेच सुचवले असते. शिवाय टॅलीचा परवाना त्या त्या यंत्रावर नोंदलेला असतो आणि व्हर्च्युअल मशीन म्हणजे त्याच्या दृष्टीने वेगळे यंत्र. विंडोज १० ची मुदतवाढीची सुरक्षा अद्यतने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. तेवढी नोंदणी करून घ्यावी आणि बँकेचे काम लिनक्सवरच करावे.

वाईकर_मास्तर

सर्वांचे आभार. क्रिस्टलडिस्कइन्फो चालवले. वर पिवळ्या रंगात 'कॉशन' असे आले आहे. सी-५ समोर शून्य नाही आणि ०५ समोरही नाही. फोटोंची प्रत मुलाच्या बाहेरच्या डिस्कवर करून घेतली. त्यात दोन चित्रफिती कॉपी होता होता अडकल्या, बाकी सर्व आले आणि उघडूनही पाहिले. आता या डिस्कवर पार्टिशन करू नये हे समजले. मग पुढे काय करावे?

अर्धवट_अभियंता

५०० जीबीची साटा एसएसडी घ्या आणि जुन्या डिस्कच्या जागी बसवा. जुनी डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवून घेण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण खराब सेक्टर आले की क्लोनिंग अडखळते, आणि यशस्वी झालेच तरी तुमचा तोच एमबीआरचा संसार नव्या घरी येईल. कोरी सुरुवात करा.

त्याआधी जुन्या विंडोजमध्ये जाऊन टॅलीच्या माहितीचा बॅकअप घ्या आणि परवाना 'सरेंडर' करा. हे विसरलात तर नव्या विंडोजवर तो चालू करताना मनस्ताप होतो.

विंडोज टाकताना जुनी डिस्क यंत्रात नसलेलीच बरी. दोन डिस्क दिसल्या की विंडोज कधीकधी आपला बूटलोडर भलत्याच डिस्कवर ठेवते. बायोसमध्ये यूईएफआय निवडा, विंडोजचा पेनड्राइव्ह त्याच पद्धतीने बूट करा आणि जागा विचारली की पूर्ण डिस्क न देता 'न्यू' दाबून ठरावीक आकडा द्या. सीसाठी १५०००० एमबी पुरेसे आहे. छोटी पार्टिशन विंडोज आपली आपण करेल. उरलेली जागा 'अनअ‍ॅलोकेटेड' राहू द्या. म्हणजे आक्रसण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि वर जेवढे वाद झाले त्यांतले निम्मे तुमच्यापुरते निकालात निघतात. 'दुकानदाराने टाकून दिलेले विंडोज' अस्सल होते की नाही यावर मी भाष्य करत नाही. अस्सल असेल तर त्याची नोंद मदरबोर्डाशी जोडलेली असते, डिस्क बदलल्याने ती जात नाही.

मुठाकाठ

म्हणजे शेवटी जीपीटीच.

परभणीचा_नाना

नव्या डिस्कवर जीपीटी करायला माझा कधीच विरोध नव्हता, वर वाचून पाहावे. जुन्याच डिस्कवर खेळ करू नये, एवढेच म्हणणे होते.

टर्मिनलेश्वर

दोघांचेही बरोबर निघाले. या संस्थळाच्या इतिहासात अशी नोंद प्रथमच होत असावी.

ओवी_बंगळुरू

माझे लिनक्स बसले, मिंटऐवजी दुसरे एक वितरण घेतले. परंतु सुरू होताना यादीत फक्त लिनक्स दिसते, विंडोज नाही. सी तर जागेवर आहे, फाइलीही दिसतात.

सीमापार

विंडोज गेलेले नाही, फक्त यादीत आलेले नाही. ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून (२०२१) इतर कार्यप्रणाली शोधणारा 'ओएस-प्रोबर' हा भाग मुळातच बंद ठेवला आहे. काही वितरणे तो पुन्हा चालू करून देतात, काही देत नाहीत. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलीत तो चालू करून यादी नव्याने तयार करा. तोपर्यंत यूईएफआयच्या बूट मेनूतून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडून थेट आत जाता येईल.

हेही माहीत असू द्या की ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका मासिक अद्यतनाने अनेकांच्या यंत्रांवरचे लिनक्स सिक्युअर बूटमध्ये उघडेनासे केले होते. पडद्यावर 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' अशी ओळ येत असे. शेजारी लिनक्स असलेल्या यंत्रांना हे अद्यतन लागू होणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने म्हटले होते, तरीही झाले. पक्का उपाय मे २०२५ च्या अद्यतनात आला. म्हणून लिनक्सचा पेनड्राइव्ह काम झाल्यावर पुसून टाकू नका.

वाईकर_मास्तर

एसएसडी बसली. सी १५० जीबी, मिंटसाठी एकच १०० जीबीचे एक्स्ट-४ (मध्यममार्गी यांचे ऐकले), आणि उरलेल्या जागेत टॅलीच्या प्रती व कागदपत्रांसाठी एनटीएफएस, ज्याला सवयीने डी हेच अक्षर दिले. हायबरनेशन बंद केले. टॅली चालते, मिंटमधून डीवर लिहिताही येते.

दोन शंका उरल्या आहेत. मिंट वापरून विंडोजमध्ये गेले की घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले असते. आणि जुनी डिस्क, जी अजून चालते, ती डीव्हीडीच्या जागी कॅडी (डिस्क बसवायची चौकट) घालून बसवावी का?

खटपट्या

साडेपाच तासांचा फरक म्हणजे भारतीय प्रमाणवेळ आणि जागतिक वेळ यांतला फरक. मदरबोर्डावरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहिते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचते. मिंटला 'टाइमडेटसीटीएल'ने एकदा सांगून ठेवता येते की ते घड्याळ स्थानिक वेळेवर ठेव. आपल्याकडे घड्याळे उन्हाळ्या-हिवाळ्यात मागेपुढे होत नाहीत, त्यामुळे या उपायाचा येथे काही तोटा नाही.

निशाचर_ठाणे

कॅडीत जुनी डिस्क मुळीच घालू नका. यूएसबीच्या डबीत घाला, त्या दोन चित्रफिती निघतात का ते एकदा शांतपणे पाहा आणि मग तिच्यावर नवे काही ठेवू नका. कॅडी घ्यायचीच असेल तर जाडी मोजून घ्या: ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन मापांत येते, आणि दुकानदार विचारल्याशिवाय सांगत नाही.